आकड्यांच्या आरशात आपल्या गावाचे आरोग्य



कापसाच्या शेतात कामगंध सापळा लावणे आता आपल्याकडे नवे राहिलेले नाही. रोज सकाळी सापळ्यात अडकलेले पतंग मोजायचे. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा त्याहून अधिक पतंग आले, की गुलाबी बोंडअळीने मर्यादा ओलांडली असे समजायचे आणि उपायाला लागायचे. जो मोजतो तो वेळेवर जागा होतो. जो नुसताच बांधावरून "यंदा अळी फार दिसते" असे म्हणतो, त्याची फवारणी एक तर आधी होते, नाही तर फार उशिरा होते. संत्र्याच्या बागेतही तसेच. शंभर झाडांपैकी किती झाडांना डिंक्या लागला हे मोजल्याशिवाय रोग वाढतो आहे की आटोक्यात येत आहे, हे कळत नाही.

मग घरातील माणसांच्या बाबतीत आपण अंदाजावर का थांबतो? "हल्लीच्या पोरी फिकट दिसतात", "औंदा ताप फार आहे", "पूर्वी लेकरे इतकी मरत नसत" अशी वाक्ये आपण ओट्यावर बसून बोलतो. ती खरी असतील किंवा नसतील. ती तपासण्याचे साधन आज आपल्या खिशात आहे. ज्या मोबाईलवर आपण खसऱ्याची नक्कल आणि कापसाचा भाव पाहतो, त्याच मोबाईलवर सरकारने गोळा केलेले आरोग्याचे आकडे फुकट पाहता येतात. त्यासाठी मोठे शिक्षण लागत नाही. दहावी झालेली घरातील मुलगी अर्ध्या तासात ते काम करू शकते. मात्र आकडा शोधणे सोपे, तो नीट वाचणे थोडे कठीण, आणि तो खरा निघावा म्हणून आपला वाटा उचलणे सर्वांत महत्त्वाचे. या तीनही गोष्टींचा विचार येथे करू.

हे आकडे येतात कोठून?

आरोग्याचे आकडे मुख्यतः तीन वाटांनी येतात. वाट ओळखली म्हणजे आकड्यावर किती भार टाकावा हे कळते.

पहिली वाट नोंदणीची. जन्म आणि मृत्यू यांची नोंद कायद्याने करावी लागते. गावात ग्रामपंचायत, लोधीखेड्यासारख्या ठिकाणी नगर परिषद आणि प्रसूती सरकारी दवाखान्यात झाली तर तो दवाखाना ही नोंद करतो. या सर्व नोंदींची बेरीज दरवर्षी होते.

दुसरी वाट पाहणीची. यात प्रत्येक घरी कोणी जात नाही. काही गावे व घरे ठरावीक पद्धतीने निवडली जातात आणि त्यांच्यावरून सर्वांचा अंदाज बांधतात. भाताचे एक शित दाबून भात शिजला का पाहतात, तसा हा प्रकार. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण ही अशी सर्वांत मोठी पाहणी. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'एनएफएचएस' म्हणतात. तिची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. तीत देशातील ७०७ जिल्ह्यांतील ६ लाख ३६ हजार ६९९ घरांना भेटी देण्यात आल्या. केवळ प्रश्न विचारून पाहणी करणारे थांबले नाहीत. बालकांचे वजन व उंची मोजली, बोटातून रक्ताचा थेंब घेऊन रक्तातील हिमोग्लोबिन तपासले. जन्म-मृत्यूचे दर काढण्यासाठी भारताचे महानिबंधक 'एसआरएस' नावाची वेगळी नमुना नोंदणी चालवतात.

तिसरी वाट दवाखान्याच्या कामाची. किती गरोदर मातांची नोंद झाली, किती बालकांना लस दिली, किती क्षयरोगी सापडले, किती जणांची सिकल सेलची तपासणी झाली, हे आरोग्य विभागाच्या वेगवेगळ्या पोर्टलवर चढवले जाते. यात एक गोष्ट ध्यानात ठेवावी: जो दवाखान्यापर्यंत पोहोचला नाही, तो या आकड्यात नाही.

मोबाईलवर शोधण्याची रीत

१. शोधपट्टीत 'एनएफएचएस ५ डिस्ट्रिक्ट फॅक्ट शीट' हे शब्द, त्यापुढे जिल्ह्याचे नाव लिहावे. मराठी अक्षरांनी पान सापडले नाही तर तेच शब्द इंग्रजी अक्षरांत टंकावेत. नवी फेरी उपलब्ध असेल तर पाचच्या जागी तिचा क्रमांक घालावा.

२. येथे आपल्या लोकांची गाडी हमखास अडते. पाचव्या फेरीत 'पांढुर्णा' शोधाल तर काहीच सापडणार नाही. आपला जिल्हा २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये छिंदवाड्यातून वेगळा झाला. पाहणी त्यापूर्वीची आहे. म्हणून सौसर आणि पांढुर्णा या दोन्ही तहसिलींची माहिती छिंदवाडा जिल्ह्याच्या पानातच मिसळलेली आहे.

३. पान सरकारी संस्थेचे आहे याची खात्री करावी. ही पाहणी केंद्रीय आरोग्य मंत्रालयासाठी मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था करते. व्हॉट्सॲपवर फिरत आलेल्या रंगीत चित्रातला आकडा मूळ पानाशी ताडून पाहिल्याशिवाय कोणाला सांगू नये.

४. पाचव्या फेरीच्या जिल्ह्याच्या पत्रकात १०४ बाबी दिलेल्या असतात. पिण्याचे पाणी, शौचालय, मुलीचे लग्नाचे वय, प्रसूती, लसीकरण, बालकांचे पोषण, रक्तक्षय, मधुमेह, रक्तदाब असा तो क्रम आहे. प्रत्येक ओळीत पाचव्या फेरीचा आकडा आणि शेजारी त्याआधीच्या चौथ्या फेरीचा, म्हणजे २०१५-१६ चा आकडा असतो. सगळे वाचू नये. आपल्या घराला लागू पडणाऱ्या पाच बाबी निवडून वहीत उतरवाव्यात.

५. उतरवताना चार गोष्टी बरोबर लिहाव्यात: कोणत्या जागेचा, कोणत्या वर्षाचा, कोणाचा आणि किती जणांमागे. या चार गोष्टींशिवाय आकडा म्हणजे खुंटीशिवाय दावे.

वाचताना काय सांभाळावे?

समजा, पत्रकात रक्तक्षयाची ओळ आहे. मध्य प्रदेशासाठी पाचव्या फेरीत सहा महिने ते पाच वर्षांखालील बालकांपैकी ७२.७ टक्के बालकांत रक्त कमी आढळले. चौथ्या फेरीत हे प्रमाण ६८.९ टक्के होते. १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांत ते ५२.५ वरून ५४.७ टक्के झाले. याचा अर्थ असा, की चार बालकांपैकी जवळजवळ तिघांच्या आणि दोन स्त्रियांपैकी एकीहून अधिक जणींच्या रक्तात लोहाची किंवा इतर घटकांची उणीव आहे, आणि पाच वर्षांत परिस्थिती सुधारलेली नाही. गरोदर नसलेल्या स्त्रीच्या १०० मिलिलिटर रक्तात १२ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन असेल, गरोदर स्त्रीच्या ११ पेक्षा कमी असेल, तर तिला रक्तक्षय आहे असे धरतात.

आता दुसरी बाजू पाहा. ६ लाख ३६ हजार ६९९ ला ७०७ ने भागले तर दर जिल्ह्यामागे सरासरी ९०० घरे येतात. २०११ च्या जनगणनेत छिंदवाडा जिल्ह्याची वस्ती २० लाख ९० हजारांवर होती. इतक्या वस्तीचा अंदाज एवढ्या घरांवरून बांधता येतो, कारण घरे निवडण्याची पद्धत शास्त्रशुद्ध असते. परंतु त्यावरून एखाद्या गावाचा किंवा पाड्याचा निष्कर्ष काढता येत नाही. पातालकोटच्या दरीतील कुटुंब आणि सौसरच्या संत्रा-बागायतदाराचे कुटुंब एकाच सरासरीत बसलेले आहे. सरासरी म्हणजे गुडघाभर पाणी असे ऐकून नदीत उतरावे, तर मध्येच डोहही लागतो.

पत्रकात काही आकडे कंसात दिसतात. त्याचा अर्थ, तो आकडा केवळ २५ ते ४९ जणांच्या माहितीवर काढला आहे, जपून वापरा. आकड्याच्या जागी नुसती फुली किंवा तारा असेल तर माहिती २५ पेक्षाही कमी जणांची होती, म्हणून आकडा दिलेलाच नाही. यात लपवाछपवी नाही, उलट हा प्रामाणिकपणा आहे. तराजूत तोळाभर माल टाकून क्विंटलचा भाव ठरवू नये, एवढेच त्यात सांगितले आहे.

सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे

आपण महाराष्ट्राच्या वेशीवर राहतो. बोली तिकडची, बाजार तिकडचा, सोयरिकीही सावनेर, काटोल, नागपूरकडच्या. म्हणून एक तुलना आपल्याला अधिक बोचते. 'एसआरएस'च्या २०२० सालच्या आकड्यांप्रमाणे जन्मलेल्या दर हजार बालकांमागे वर्षाच्या आत दगावणारी बालके मध्य प्रदेशात ४३ होती, महाराष्ट्रात १६ आणि सगळ्या देशात २८. पुढे मध्य प्रदेशात सुधारणा झाली. २०२३ सालचा आकडा ३७ आहे. पण त्याच वर्षी देशाचा आकडा २५ वर आला होता. म्हणजे आपण चालतो आहोत, पण मागे आहोत.

हे आकडे राज्यांचे आहेत, सौसर तहसिलीचे नव्हेत, हे विसरू नये. तरीही प्रश्न उभा राहतोच. एकच हवा, एकच पाणी, एकच ज्वारीची भाकर. मग रेषा ओलांडल्यावर राज्याचा आकडा इतका का बदलतो? त्याची उत्तरे आईचे वय, दोन बाळंतपणांतील अंतर, तिचे पोषण, दवाखान्याचे अंतर आणि जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातील काळजी यांत सापडतात. बालमृत्यूंतील मोठा भाग या पहिल्या महिन्यातच घडतो.

येथे आणखी एक गाठ आहे. कायद्याप्रमाणे जन्म किंवा मृत्यूची नोंद जेथे घटना घडते तेथे होते. आपल्याकडील किती तरी बाळंतपणे नागपूरला होतात आणि अत्यवस्थ रुग्णही आपण तिकडेच नेतो. त्यांची नोंद तिकडच्या कार्यालयात होते. म्हणून नुसत्या स्थानिक नोंदवहीवरून आपल्या तहसिलीचे चित्र पाहिले तर ते आहे त्याहून बरे दिसू शकते. मात्र नोंदणीच्या अर्जात नेहमीच्या राहण्याचा पत्ता विचारलेला असतो. तेथे नागपूरच्या नातेवाईकाचा पत्ता देऊ नये. आपले गाव, तहसील व जिल्हा स्पष्ट लिहावा. दुःखाच्या घाईत ही बारीक गोष्ट वाटते, पण आपल्या भागाला डॉक्टर आणि औषधे मागताना हीच नोंद साक्षीला येते.

आकडा घटला म्हणजे रोग घटला का?

नेहमीच नाही. देशात २०१९ साली क्षयरोगाचे २४ लाख ४ हजार रुग्ण नोंदले गेले. २०२० साली हा आकडा १८ लाख ५ हजारांवर आला, म्हणजे जवळजवळ चौथा भाग कमी. कोणी म्हणेल, केवढी प्रगती! प्रत्यक्षात ते टाळेबंदीचे वर्ष होते. लोक दवाखान्यात जाऊ शकले नाहीत, थुंकीची तपासणी थांबली, आरोग्य कर्मचारी दुसऱ्या साथीत गुंतले. रोग घरातच राहिला आणि कागदावरून मात्र नाहीसा झाला. पुढे २०२३ साली नोंदलेले रुग्ण साडेपंचवीस लाखांवर गेले. त्यात मोठा वाटा शोध वाढल्याचा होता.

म्हणून एखाद्या गावात रुग्ण वाढलेले दिसले तर लगेच गावाला नावे ठेवू नयेत. कदाचित तेथील आशाताई मन लावून काम करीत असेल. आणि एखाद्या गावात शून्य रुग्ण दिसले तर आनंद मानण्यापूर्वी विचारावे: तपासले किती जणांना?

सिकल सेलच्या आकड्यांनाही हाच प्रश्न विचारावा. रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होण्याचा हा आजार आई-वडिलांकडून मुलांकडे येतो. मध्य भारतात आणि विदर्भात तो विशेष आढळतो. त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी आपल्याच राज्यातील शहडोल येथून सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे तिचे उद्दिष्ट आहे. किती जणांची तपासणी झाली, किती रुग्ण व किती वाहक सापडले, हे मोहिमेच्या पोर्टलवर दिसते. वाहक म्हणजे रोगी नव्हे. तो निरोगी आयुष्य जगतो. परंतु दोघे वाहक पती-पत्नी असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. म्हणून लग्न ठरण्यापूर्वी तरुण-तरुणींनी ही तपासणी करून घ्यावी. आपले कार्ड मिळाले म्हणजे त्या मोठ्या आकड्यात आपणही मोजले गेलो.

परासियाने दिलेला धडा

आकडे उशिरा जुळले तर काय होते, हे आपल्या शेजारी २०२५ साली दिसले. त्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी परासिया भागातील लहान मुलांना साधा ताप-खोकला आला. औषध घेतल्यावर काही दिवसांत त्यांची लघवी बंद झाली आणि मूत्रपिंडे निकामी झाली. आई-बापांनी लेकरांना घेऊन नागपूर गाठले. प्रत्येक घराला आपलेच मूल दिसत होते. शेजारच्या गावात तसेच दुसरे मूल आहे, हे कळायला वेळ लागला. सर्व प्रकरणे एकत्र मांडल्यावर त्यांना जोडणारा धागा म्हणून 'कोल्ड्रिफ' हे खोकल्याचे औषध पुढे आले. तामिळनाडूच्या औषध खात्याच्या तपासणीत त्याच्या एका घाणीत ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य निघाले. मध्य प्रदेश शासनाने ४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याच्या विक्रीवर बंदी घातली आणि १३ ऑक्टोबरला जागतिक आरोग्य संघटनेने जगाला सावध केले. तोवर वीसहून अधिक बालके गेली होती. त्यांत छिंदवाड्याबरोबर बैतूल आणि आपल्या पांढुर्णा जिल्ह्यातील बालकही होते.

यातून दोन गोष्टी शिकाव्यात. पहिली औषधाची. केंद्रीय आरोग्य खात्याने त्याच महिन्यात स्पष्ट सांगितले, की दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती साधारणपणे देऊ नयेत. बहुतेक मुलांचा खोकला आराम व भरपूर पातळ पदार्थ यांनी आपोआप बरा होतो. श्वास जोरात चालत असेल, मूल दूध घेत नसेल किंवा लघवी थांबली असेल तर मात्र तासाचाही विलंब करू नये.

दुसरी गोष्ट आकड्यांची. वर्षाच्या शेवटी छापलेला तक्ता अशा वेळी उपयोगी पडत नाही. सापळ्यातले पतंग महिन्याने मोजून बोंड वाचत नाही. देशात साथींवर नजर ठेवणारी यंत्रणा २००४ पासून आहे आणि २०२१ पासून तिचे काम ऑनलाइन झाले आहे. पण यंत्रणेला डोळे आपण द्यायचे असतात. एकाच गावात किंवा एकाच आठवड्यात दोन मुलांना सारखीच, नेहमीपेक्षा वेगळी लक्षणे दिसली, तर त्याच दिवशी आशाताई, एएनएम किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे. औषधाची बाटली फेकू नये. तिच्यावरील घाण क्रमांक तपासाला दिशा देतो.

मोजल्याने जीव वाचतात

मोजून काय होते, असे विचारणाऱ्यांनी गडचिरोलीकडे पाहावे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तेथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. त्यांनी सुरुवात मोजण्यापासून केली. गावोगावी जन्मलेले व दगावलेले प्रत्येक बाळ नोंदले. मग ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार करून नवजात बाळाची घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले आणि ४७ गावांत नेहमीचीच सेवा चालू ठेवून दोन्हींचे आकडे शेजारी ठेवले. तीन वर्षांत ३९ गावांत नवजात बालकांचे मृत्यू तुलनेने ६२ टक्क्यांनी घटले. हा अहवाल १९९९ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात आला. आकडे पक्के होते म्हणून तो कोणाला बाजूला सारता आला नाही.

त्याच विचारातून २०११ पासून देशभर आशाताईंच्या घरभेटी सुरू झाल्या. दवाखान्यात प्रसूती झालेल्या बाळासाठी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा भेटी ठरलेल्या आहेत. घरी प्रसूती झाली तर पहिल्या दिवसाची एक भेट अधिक. या भेटी आपला हक्क आहे. सुनेचे बाळंतपण माहेरी झाले तर तेथील आशाताईला आधी सांगून ठेवावे.

आपली नोंद, आपला वाटा

नोंदवही ही चर्चला नवी गोष्ट नाही. १५६३ साली त्रेंत येथील धर्मपरिषदेने धर्मगुरूंना बाप्तिस्मा व विवाह यांच्या वह्या ठेवायला सांगितले. पुढे लंडनच्या धर्मग्रामांतील कारकून दर आठवड्याला मृतांच्या याद्या काढत. त्या याद्या जॉन ग्राँट नावाच्या एका कापड-व्यापाऱ्याने जुळवून १६६२ साली पुस्तक काढले. जन्मलेल्या शंभरांपैकी ३६ मुले सहा वर्षांची होण्यापूर्वीच मरतात, असा त्याचा हिशेब होता. आज ज्याला आरोग्याची आकडेवारी म्हणतात तिचा पाया अशा धर्मग्रामाच्या वह्यांवर घातला गेला.

पण बाप्तिस्म्याचा दाखला हा जन्माचा दाखला नव्हे. शासकीय नोंद वेगळी करावीच लागते. जन्म किंवा मृत्यू २१ दिवसांच्या आत विनाशुल्क कळवता येतो. तीस दिवसांपर्यंत विलंबशुल्क पडते, त्यानंतर वर्षभरापर्यंत अधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय काम होत नाही. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाला शाळेपासून नोकरीपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागणार आहे. मृत्यूच्या बाबतीतही तसेच. रुग्णावर शेवटचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र मागून घ्यावे. 'वारला' एवढेच लिहिले तर पुढच्या माणसाला त्या मरणातून काही शिकता येत नाही. विशेषतः जन्मून दोन-चार दिवसांत गेलेल्या बाळाची नोंद आपल्याकडे टाळली जाते. "नावसुद्धा ठेवले नव्हते" म्हणून घरचे गप्प बसतात. त्या बाळाचे दोन दिवसही मोजले गेले पाहिजेत. ते मोजले नाही, तर पुढच्या बाळासाठी पाळणाघराशेजारी उबेची खोली आणि नर्स मागायला आपल्याजवळ आधार राहत नाही.

आता करावयाच्या गोष्टी

पेरणीआधीच्या मोकळ्या दिवसांत प्रत्येक वाडीतील दोन-तीन तरुणांनी बसून एवढे करावे:

एक. जिल्ह्याच्या पत्रकातून रक्तक्षय, बालकांचे वजन व उंची, पूर्ण लसीकरण, दवाखान्यातील प्रसूती आणि रक्तदाब या पाच बाबी दोन्ही फेऱ्यांच्या आकड्यांसह वहीत उतरवाव्यात. राज्याचा आकडा शेजारी लिहावा.

दोन. आंगनवाडी ताई आणि आशाताई यांना सन्मानाने भेटून आपल्या गावातले तेच पाच आकडे विचारावेत. किती बालके, त्यांपैकी किती कमी वजनाची, किती गरोदर माता, त्यांपैकी कितींचे हिमोग्लोबिन तपासले. कोणाचे नाव विचारू नये. आजार ही घराची खाजगी गोष्ट आहे. संख्या मात्र गावाची आहे.

तीन. गावाचा व जिल्ह्याचा आकडा फार वेगळा आला तर कारण शोधावे. वजनकाटा बंद आहे का? लोहाच्या गोळ्या संपल्या आहेत का? हे प्रश्न लेखी स्वरूपात ग्रामसभेत किंवा नगर परिषदेच्या आपल्या वार्डातील पार्षदाकडे द्यावेत. आरडाओरड करणाऱ्याला उत्तर टाळता येते, हिशेब मांडणाऱ्याला टाळता येत नाही.

चार. घरातून आरंभ करावा. घरातील प्रत्येक स्त्रीचे व मुलाचे हिमोग्लोबिन या महिन्यात तपासून घ्यावे आणि तारखेसह वहीत लिहावे. गरोदर मातेने लोह व फॉलिक ॲसिडची गोळी रोज एक याप्रमाणे १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस घ्यायची असते. ती चहाबरोबर घेऊ नये. चहामुळे लोह अंगी लागत नाही. लिंबू किंवा आपल्या बागेतील संत्रे बरोबर घेतले तर लोह चांगले शोषले जाते. सिकल सेलच्या रुग्णाने मात्र लोहाची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे.

घरोघरचे असे आकडे सुधारत गेले, म्हणजे पुढच्या फेरीत जिल्ह्याच्या पत्रकातील ७२.७ सारखा आकडा खाली येतो. तो दिल्लीत बसून कोणी खाली आणू शकत नाही. तो आपल्या चुलीपाशी, पाळण्यापाशी आणि नोंदणीच्या खिडकीपाशीच खाली येतो.